‘इट’ मध्ये बसतं : रोजच्या इंग्रजीतले लहान शब्द

आज आपण इंग्रजीवर बोलणार आहोत. हे ऐकून रेडिओ बंद करायला कुणी उठली असेल तर तिनं जरा बसावं. पाठांतर नाही, परीक्षा नाही. भाजी निवडत ऐकलं तरी चालेल. वही-पेन जवळ असेल तर बरंच.

‘आम्हाला काही इंग्रजी येत नाही बाई,’ हे वाक्य आम्ही गटांच्या बैठकीत नेहमी ऐकतो. ते खरं नाही. सोयाबीन मोंढ्यात न्यायला आपण पिकअप सांगतो. गरोदर सुनेला चेकअपला नेतो. विहिरीवरची मोटार ऑन करतो, ऑफ करतो. कर्जाची फाइल अडकली की बँकेत जाऊन फॉलोअप घेतो. चुडाव्याहून पूर्णेला नाहीतर नांदेडला गेलं, की तिथं फलाटावर गाडी ‘रनिंग लेट’ असल्याचं कानावर पडतं आणि पुढचं काही ऐकायच्या आधीच आपण पिशवी खाली ठेवून बूड टेकतो. फोन लावला आणि पलीकडून एक बाई ‘स्विच्ड ऑफ’ म्हणाली, की तिचं बाकीचं वाक्य कुणी ऐकत नाही. गरजच पडत नाही.

म्हणजे मोठे शब्द आपल्याकडं आहेतच. बँक, लोन, फॉर्म, पासबुक, मीटिंग, सही करायला ‘साइन’. अडतं ते लहान शब्दांपाशी. इट, यू, ऑफ, इन, बॅक, नॉट, नेव्हर, ओन्ली. दोन-तीन अक्षरांचे शब्द, डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. पण पैसे आले की गेले, काम करायचं की करायचं नाही, हे ठरतं त्यांच्यावरच.

शाळेत या लहान शब्दांना नावं होती, तेवढी एकदा आठवून घेऊ. सर्वनाम म्हणजे नावाच्या जागी येणारा शब्द : मी, तू, ती, ते. क्रियापद म्हणजे काय केलं, काय झालं ते सांगणारा. आणि ती क्रिया कशी, कधी, कुठं, किती वेळा झाली हे सांगणारं ते क्रियाविशेषण : हळू, उद्या, खाली, नेहमी. ही तिन्ही मंडळी मराठी वाक्यात एका रीतीनं बसतात आणि इंग्रजीत वेगळ्या. आज ती बसायची रीत बघायची, एवढंच.

आधी आपल्या भाषेकडं बघा. दारातून ‘आले गं’ एवढं म्हटलं की घरात सगळं कळतं : बोलणारी बाई आहे, एकटी आहे, स्वतःबद्दल सांगतेय. ‘आला’ म्हटलं की तो. ‘आल्या’ म्हटलं की सासूबाई, आणि सून पदर सावरते. आपल्या क्रियापदाच्या शेपटीतच माणूस बसलेलं असतं, म्हणून ‘मी’ नाही म्हटलं तरी चालतं. इंग्रजीतलं ‘केम’ असं काहीच सांगत नाही. आय केम, ही केम, शी केम, दे केम. मी आले, तो आला, ती आली, ते आले. चौघांना क्रियापद एकच. त्यामुळं सर्वनाम गाळलं तर कोण आलं ते कळायला मार्गच उरत नाही. इंग्रजी बोलताना पहिली सवय लावायची ती हीच, की आधी माणूस आणि मग क्रिया. एका बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, ‘मग इंग्रजीत बोललं की बाई बोलली का बाप्या, ते कळतच नाही म्हणा की. बरंय!’

ही सवय इतकी घट्ट आहे की जिथं कुणीच नाही तिथंही इंग्रजी एक सर्वनाम आणून बसवते. आपण म्हणतो, पाऊस पडतोय. इंग्रजीत म्हणतात, इट इज रेनिंग. यातलं ‘इट’ कोण? कुणी नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा तो रुमाल आहे. जागा रिकामी दिसायला नको, एवढंच त्याचं काम.

याच जोडीला आपल्या बोलीचं एक सांगायचं आहे. पुण्याकडं ‘गाडी येतेय’ म्हणतात, आपल्याकडं ‘गाडी यायली’. इंग्रजीत ‘द ट्रेन इज कमिंग’. तिन्हीत गाडी वाटेत आहे. शाळेत ‘यायली’ला अशुद्ध म्हणत, पण क्रिया चालू आहे हे ती एका शब्दात चोख सांगते. इंग्रजीला तिथं ‘इज’ आणि ‘कमिंग’ असे दोन लागतात. तेव्हा ‘इज’, ‘आर’, ‘ॲम’ यांपैकी एक आणि पुढं शेवटी ‘इंग’ ऐकू आलं, की मनात ‘यायली, करायली, जायली’ म्हणायचं. अर्थ लागतो.

सर्वनामांत एक गोष्ट इंग्रजीला जमत नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तिच्याकडं नाही, दोन्हीला ‘वी’. ‘आम्ही कर्ज फेडू’ आणि ‘आपण कर्ज फेडू’ यांत केवढा फरक आहे, ते गटातल्या बाईला सांगायला नको! तसंच तू, तुम्ही, आपण या तिघांना मिळून एक ‘यू’. कलेक्टरलाही यू आणि गोठ्यातल्या वासरालाही यू. मान द्यायचा तर तो सर्वनामातून देता येत नाही, वेगळा जोडावा लागतो : प्लीज, सर, मॅडम. ‘कम’ म्हणजे ये, ‘प्लीज कम’ म्हणजे या. म्हणून साहेबाला ‘यू’ म्हणायला घाबरू नका. त्यात एकेरी काही नाही.

आता नकाराकडं येऊ. इथं नीट ऐका, कारण इथं पैसे जातात.

मराठीत ‘नाही’ आणि ‘नका’ वाक्याच्या शेवटी येतात. सगळं ऐकून झाल्यावर कळतं की करायचं नव्हतं. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी उभा असतो. ओटीपीच्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, ‘डू नॉट शेअर इट विथ एनीवन.’ यातलं ‘शेअर’ आपल्याला कळतं, कारण फोटो, व्हिडिओ आपण रोज शेअर करतो. पण आपला डोळा सवयीनं नकार शेवटी शोधतो. शेवटी आहे ‘एनीवन’, म्हणजे कुणीही. घाईत वाचणारीला वाटतं, कुणाला तरी पाठवायचंय. नकार आधीच येऊन गेलेला असतो : डू नॉट. आणि ‘इट’ म्हणजे तो ओटीपीचा आकडा. हे कोणालाही सांगू नका, असा तो निरोप आहे. एवढ्यासाठी इंग्रजी मेसेज आला की पहिल्यांदा क्रियापद हुडकायचं आणि त्याच्या डाव्या बाजूला बघायचं. तिथं नॉट, डोन्ट, नेव्हर यांपैकी कुणी आहे का? असेल तर ते काम करायचं नाही.

नकाराची आणखी एक गंमत आहे. आपण म्हणतो, ‘आम्ही हप्ता कधीच चुकवला नाही.’ यात ‘कधीच’ही लागतं आणि ‘नाही’ही लागतं. इंग्रजीत दोन नकार एकमेकांना खातात. ‘वी नेव्हर मिस्ड अ पेमेंट’ म्हटलं की झालं. तिथं आणखी एक ‘नॉट’ घातलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, चुकवला होता की काय! ‘नेव्हर’च्या पोटात ‘नाही’ आहेच.

आता आजचा मुख्य भाग. चार शब्द म्हणून बघा : लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून टाक. चारीत काम एकच, लिहायचं. पण मागचं छोटं क्रियापद बदललं की अर्थ फिरतो. घे म्हटलं तर आपल्यासाठी, दे म्हटलं तर दुसऱ्यासाठी, ठेव म्हटलं तर पुढं उपयोगी पडावं म्हणून, आणि टाक म्हटलं तर एकदाचं संपव बाई. आपण हे विचार न करता बोलतो. इंग्रजीकडं असं मागं लावायचं क्रियापद नाही. तिथं या जातीचं काम बहुतेक वेळा लहान क्रियाविशेषणं करतात : ऑन, ऑफ, अप, डाउन, इन, आउट, बॅक, अवे. राइट डाउन म्हणजे लिहून घे. फिल इन म्हणजे फॉर्म भरून काढ. पिक अप म्हणजे उचलून घे, आणि माल उचलून नेणारी ती पिकअप. थ्रो अवे म्हणजे फेकून दे. ‘गिव्ह’ म्हणजे दे, एवढं सगळ्यांना येतं. पण ‘गिव्ह बॅक’ म्हणजे परत दे आणि ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोड, हात टेक. मागचा शब्द न ऐकता नुसतं ‘गिव्ह’ ऐकून चालत नाही.

या जोडीत वस्तूचं नाव कुठं बसतं? नाव असेल तर दोन्हीकडं चालतं. ‘स्विच ऑफ द मोटर’ म्हणा, ‘स्विच द मोटर ऑफ’ म्हणा, मोटार बंदच होणार. पण मोटारीचं नाव न घेता ‘ती बंद कर’ म्हणायचं असेल तर ‘इट’ला एकच जागा आहे आणि ती मधली. स्विच इट ऑफ. ‘स्विच ऑफ इट’ असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. कारण साधं आहे. ‘इट’ म्हणजे दोघींना आधीच माहीत असलेली वस्तू, तिच्यावर जोर द्यायचा नसतो. वाक्याचं टोक जोराच्या शब्दासाठी राखलेलं असतं, आणि इथं जोर ‘बंद’वर आहे. म्हणून ‘इट’ मध्ये दबून बसतं, रिक्षात दोघींच्या मध्ये लेकरू बसतं तसं.

आता आमच्यामागून मोठ्यानं म्हणा. राइट इट डाउन : ते लिहून घे. फिल इट इन : तो भरून काढ. गिव्ह इट बॅक : ते परत दे. टर्न इट ऑन : ते चालू कर. थ्रो देम अवे : ती फेकून दे. वेक हर अप : तिला उठव. कॉल मी बॅक : मला उलटा फोन कर. इट, देम, हर, मी, सगळी मधल्या जागेवर. फोनवर ‘कॉल मी बॅक’ म्हणायला तर आजपासूनच सुरुवात करता येईल, रिचार्ज वाचेल.

पण मग ‘वेट फॉर मी’ म्हणतात, त्यात ‘मी’ शेवटी कसं? असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तिनं आजचा धडा नीट ऐकलाय. याचं उत्तर आपल्या मराठीतच सापडतं. वेट फॉर मी म्हणजे माझ्यासाठी थांब. ‘साठी’ कुणाला चिकटलं? ‘माझ्या’ला, थांबण्याला नाही. लुक ॲट इट, त्याच्याकडं बघ. कम विथ अस, आमच्याबरोबर ये. सिट ऑन इट, त्याच्यावर बस. साठी, कडं, बरोबर, वर ही आपली शब्दयोगी अव्ययं, ती नावाला किंवा सर्वनामाला चिकटून राहतात. इंग्रजीतले फॉर, ॲट, विथ हे त्यांचेच भाऊबंद, फक्त ते शब्दाच्या मागून न येता पुढून येतात. त्यांना सर्वनामापासून तोडता येत नाही, म्हणून सर्वनाम त्यांच्यानंतर बसतं. उलट ‘ते बंद कर’, ‘ते लिहून घे’ यांत तो लहान अर्थ क्रियेला चिकटलेला आहे, म्हणून सर्वनाम क्रियेजवळ मध्ये. अडखळलात की वाक्य मराठीत करून बघा. ‘ऑन’सारखा शब्द तर दोन्ही घरचा आहे : टर्न इट ऑन, चालू कर, आणि सिट ऑन इट, त्यावर बस. ही खूण बहुतेक ठिकाणी चालते. सगळीकडं चालते असं मात्र नाही, इंग्रजी तशी खोडकर आहे.

हे आता या वयात कशाला, असं घरातून कुणी म्हणेल. म्हणू द्या. रमाबाई रानडे 1873 साली अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा त्यांना मराठी अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवायला घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी किती टोमणे मारले, ते त्यांनी 1910 साली छापलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात स्वतः लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी, 1854 साली, सावित्रीबाई फुल्यांनी ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याच्या बाजूनं कविता लिहिल्या. आपल्याकडं तर कागदांची भाषाच बदलत आली. निजामाच्या राज्यात सरकारी दस्त उर्दूत होते, 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य गेलं. आज कर्जाचे कागद, मोबाइलचे मेसेज इंग्रजीत येतात. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. आमच्या वयाच्या सगळ्या पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या. त्यामुळं घरातली पहिली-दुसरीतली नात ‘स्विच इट ऑफ’ बरोबर म्हणते आणि आजी चुकते, यात लाजायचं काही नाही. नातीला शेजारी बसवा.

आता कशी, कधी, किती वेळा सांगणाऱ्या शब्दांकडं. यांतल्या पुष्कळांच्या शेवटी ‘ली’ असतं : स्लोली म्हणजे हळू, क्लिअरली म्हणजे स्पष्ट. पण ‘ली’ बघून फसायचं नाही. ‘वी वर्क हार्ड’ म्हणजे आम्ही खूप कष्ट करतो. ‘वी हार्डली वर्क’ म्हणजे आम्ही फारसं काम करतच नाही! कर्ज मंजूर करायला आलेल्या साहेबापुढं दुसरं वाक्य बोललं गेलं तर बघा काय होईल. ‘लेट’ म्हणजे उशिरा, पण ‘लेटली’ म्हणजे अलीकडं. आणि औषधाच्या बाटलीवर ‘शेक वेल बिफोर यूज’ लिहिलेलं असतं, त्यातलं ‘वेल’ म्हणजे विहीर नव्हे. घ्यायच्या आधी बाटली चांगली हलवा, असं ते सांगतंय. हलवली नाही तर औषध तळाशी बसतं, आणि लेकराच्या पोटात पहिल्यांदा पाणी आणि शेवटी सगळं औषध जातं.

‘नेहमी’ला ऑलवेज म्हणतात. त्याची जागा क्रियापदाच्या आधी : वी ऑलवेज पे ऑन टाइम, आम्ही नेहमी वेळेवर भरतो. पण ॲम, इज, आर आले तर ते त्यांच्या मागं जातं : वी आर ऑलवेज ऑन टाइम. ‘नेव्हर’चंही तसंच. बँकेत गटाची ओळख करून देताना ही दोन वाक्यं फार कामाची आहेत, पाठ करायचीच तर ही करा.

आणि ‘ओन्ली’. गटाच्या कोषाध्यक्ष ताईंना हा शब्द चेकवर भेटतो. अक्षरी रकमेच्या शेवटी मराठीत ‘फक्त’ किंवा ‘मात्र’, इंग्रजीत ‘ओन्ली’. पाच हजार ओन्ली म्हणजे इथं रक्कम संपली, पुढं कुणी काही जोडू नये. बोलण्यात मात्र ‘ओन्ली’ म्हणजे बऱ्याचदा आपला ‘च’. ‘आम्हीच भरले’, ‘आजच भरले’, आपण ‘च’ ज्याला लावू त्याच्यावर जोर. ‘ओन्ली वी पेड’ म्हणजे फक्त आम्हीच भरले, बाकीच्यांनी नाही. ‘वी पेड ओन्ली टुडे’ म्हणजे आजच भरले, त्याआधी नाही. शब्द तोच, पण जागा हलली की कुणावर तरी ठपका येतो.

शेवटी परत मेसेजकडं. पैसे काढल्याचा मेसेज येतो, त्यात बऱ्याचदा असतं ‘इफ नॉट डन बाय यू’. हे तुम्ही केलेलं नसेल तर. ‘बाय यू’ म्हणजे तुमच्या हातून. ‘टू यू’ म्हणजे तुम्हाला, ‘फ्रॉम यू’ म्हणजे तुमच्याकडून. ‘टू’ असेल तर पैसा येतो, ‘फ्रॉम’ असेल तर जातो. ‘क्रेडिटेड’ म्हणजे जमा, ‘डेबिटेड’ म्हणजे वजा. आणि मेसेजमध्येच दिलेल्या नंबरवर फोन लावू नका, खोटे मेसेजही याच भाषेत येतात. पासबुकावरचा नंबर लावा किंवा शाखेत जा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सरकारी सायबर मदत क्रमांकावर सांगा. जितकं लवकर सांगाल तितके पैसे अडवायला सोपे.

आता घरचा अभ्यास. ही पाच वाक्यं इंग्रजीत करून पुढच्या बैठकीला आणा : ते परत दे. तिला उठव. माझ्यासाठी थांब. आम्ही नेहमी वेळेवर येतो. ते कोणालाही सांगू नका. चौथ्याला दोन उत्तरं निघतील, एक ‘कम’ घेऊन आणि एक ‘आर’ घेऊन. दोन्ही लिहून आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी फोनवर आपल्या आवाजात रेकॉर्ड करून आणा, आम्ही बैठकीत वाजवू.